झांबियातल्या लोकशाळेसाठी रविवार कारंजावर केलेली खरेदी: एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानाविषयी

रविवार कारंजापासून हाकेच्या अंतरावर असलेले हे दुकान नाशिक जिल्ह्यातील शिक्षकांना नव्याने सांगायला नको. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील कितीतरी शाळांचे खडू, हजेरीपट, नकाशे आणि तक्ते वर्षानुवर्षे इथूनच जातात, आणि जून महिन्यात तर दुकानाच्या पायरीवर उभे राहायलाही जागा मिळत नाही. तेव्हा नेहमीच्या मालाबद्दल लिहिण्यात फारसे हशील नाही. आमची मागणी मात्र नेहमीची नव्हती. आफ्रिकेतल्या झांबिया या देशाच्या मध्य प्रांतात म्कुशी नावाचा जिल्हा आहे. तिथल्या एका आडवळणाच्या वस्तीत पालकांनी स्वतःच सुरू केलेल्या शाळेसाठी आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी या दुकानातून साहित्य घेतले. अशा मागणीला हे दुकान कितपत उतरते, कोणती वस्तू इथून घ्यावी आणि कोणती मुळीच घेऊ नये, हे लिहून ठेवले तर पुढे कोणाला उपयोगी पडेल, एवढ्यासाठी हा अभिप्राय आहे.

माझा भाचा म्कुशीच्या मोठ्या शेतांवर ठिबक सिंचनाचे काम करतो. तो राहतो त्या भागात मक्याची आणि गव्हाची अफाट शेते आहेत, पण पक्का रस्ता सोडून आत गेले की विखुरलेल्या वस्त्या लागतात आणि सरकारी प्राथमिक शाळा लहान मुलाच्या पायांना पेलणार नाही इतकी दूर असते. झांबियात 2002 सालापासून सातवीपर्यंतचे शिक्षण निःशुल्क आहे, तरी फी माफ झाल्याने शाळा जवळ येत नाही. म्हणून तिथल्या लोकांनी एक वाट काढली आहे. गावप्रमुखाच्या आणि त्याच्या वरच्या पारंपरिक राजाच्या संमतीने जागा घ्यायची, पालकांची समिती नेमायची, गवताने शाकारलेला एक मांडव उभा करायचा आणि वस्तीतल्याच थोड्याफार शिकलेल्या तरुणाला किंवा तरुणीला शिकवायला बसवायचे. मानधन म्हणून कधी थोडे पैसे, कधी मक्याची पोती. अशा लोकशाळा देशभर मोठ्या संख्येने आहेत. 2011च्या शिक्षण कायद्याने त्यांना मान्यता दिलेली आहे, आणि जिल्हा शिक्षण मंडळाच्या सचिवाकडे, ज्याला तिथे सगळे ‘देब्स’ म्हणतात, नोंदणी झाली की काही ठिकाणी सरकारी शिक्षक आणि थोडेसे अनुदानही मिळते. आपल्याकडे 2000 सालच्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या, त्या सरकारने योजना आखून काढल्या. झांबियात क्रम उलटा आहे. तिथे लोक आधी शाळा भरवतात आणि सरकार मागाहून येते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की अशा शाळेसाठी खरेदी करताना वस्तू चांगली आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. ती बिघडली, फुटली किंवा संपली तर वस्तीला ती स्वतःच्या बळावर दुरुस्त करता येईल का, पुन्हा आणता येईल का, हा पहिला प्रश्न असतो. आमची खरेदी हीच कसोटी लावून झाली, आणि दुकानाचे गुणदोषही मी त्याच कसोटीवर सांगणार आहे.

दुकानाचा पहिला गुण मालात नाही, मालकात आहे. आम्ही यादी पुढे केली तेव्हा त्यांनी ती वाचण्याआधीच विचारले, “गुरुजी, आधी सांगा, पोरं किती, मास्तर किती आणि खोल्या किती?” मुले साधारण सत्तर, शिकवणारे दोघे, भाजक्या विटांच्या दोन खोल्या भिंतींपर्यंत आलेल्या आणि छप्पर अजून व्हायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी आमच्या यादीतल्या पाच-सहा गोष्टींवर तिथेच पेन्सिलीने काट मारली. “छप्पर नाही तिथं तक्ते कशाला टांगता? पहिल्या पावसात लगदा होईल.” गिऱ्हाईक चालून आलेले असताना विक्री कमी करणारा दुकानदार क्वचितच भेटतो. आश्रमशाळांना माल पुरवताना एका खोलीत चार इयत्ता बसलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत, आणि तो अनुभव त्यांच्या प्रत्येक प्रश्नात दिसतो.

पाट्यांपासून सुरुवात करतो. दुकानात तीन प्रकारच्या पाट्या आहेत: लाकडी चौकटीची दगडी पाटी, पत्र्याची पाटी आणि प्लॅस्टिकची पाटी. दगडी पाटीवर अक्षर सर्वांत सुंदर उठते यात शंका नाही, पण जहाज, मालगाडी आणि शेवटी मातीच्या रस्त्यावरचा ट्रक एवढा प्रवास झाल्यावर तिचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. प्लॅस्टिकची पाटी हलकी असते, पण काही महिन्यांत गुळगुळीत होऊन तिच्यावर पेन्सिल घसरू लागते. मालकांनी पत्र्याची पाटी सुचवली आणि एक युक्ती सांगितली, की तिच्यावरचा काळा थर उडाला तर फळ्याचाच रंग पुन्हा लावता येतो. आम्ही शंभर पाट्या घेतल्या. त्यांपैकी पाच-सात पाट्यांच्या कडा नीट दुमडलेल्या नव्हत्या, बोटाला लागतील अशा होत्या. त्या त्यांनी कटकट न करता बदलून दिल्या, तरी बाकीच्या आम्हाला एकेक करून तपासाव्या लागल्या. पाटीवरच्या पेन्सिलींचे खोके मात्र उत्तम होते. मुले त्या पेन्सिली खातात, ही तक्रार तिथेही येणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

वह्यांच्या बाबतीत माझा सल्ला असा, की त्या इथून घेऊच नयेत. दुकानात एकरेघी, चाररेघी, चौकटीच्या, सगळ्या प्रकारच्या वह्या आहेत, कागदही बरा आहे आणि छापील किमतीवर सूटही मिळते, पण कागद जड असतो आणि वही शेवटी संपणारी वस्तू आहे. पहिली खेप फुकट गेली की दुसऱ्या खेपेची वाट पाहत बसण्याची सवय लागते. झांबियाची राजधानी लुसाका, तिथल्या बाजारात वह्या मिळतात, त्यामुळे ते पैसे समितीकडे रोख पाठवणे अधिक शहाणपणाचे ठरते. मालकांनीही याला दुजोरा दिला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची आणखी एक खूण.

फळ्याच्या रंगाबाबतही तसेच झाले. दोन खोल्यांच्या तीन-तीन भिंतींवर गिलावा करून फळे रंगवायचे, म्हणजे एकच शिक्षक तीन इयत्तांना तीन दिशांना बसवून शिकवू शकतो, अशी आमची कल्पना होती, आणि ती बहुवर्ग शाळा चालवलेल्या कोणालाही पटेल. त्यासाठी रंगाचे डबे मागितले तर मालकांनी हात जोडले. “डबे पाठवू नका गुरुजी. पेट घेणारी वस्तू म्हणून सतरा कागद मागतील, आणि रंग तर तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळेल.” वाहतूक एजंटानेही नंतर नेमके हेच सांगितले. खडू मात्र इथून घेण्यासारखे आहेत. धूळ न उडणारे खडू घनदाट असतात, त्यामुळे ते सहसा मोडत नाहीत आणि त्यांचा एकेक खोका बराच पुरतो. साधे पांढरे खडू थोडे स्वस्त पडतात, पण निम्मे प्रवासातच तुकडे होतात. रंगीत खडू आम्ही मोजकेच घेतले.

या खरेदीत सर्वांत मनासारखी झालेली वस्तू म्हणजे पत्र्याची पेटी. युनिसेफचा ‘स्कूल इन अ बॉक्स’ नावाचा संच शिक्षणक्षेत्रातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 1990च्या दशकापासून युद्ध आणि आपत्तीच्या ठिकाणी तो पाठवला जातो. एका शिक्षकाला आणि 40 मुलांना लागणारे साहित्य धातूच्या पेटीत भरलेले असते, आत लाकडी घड्याळ आणि मोजण्याचे ठोकळे असतात, पेटीच्या झाकणाला काळा रंग देऊन त्याचा फळा करता येतो, आणि विशेष म्हणजे त्यात पाठ्यपुस्तके मुद्दाम घातलेली नसतात, कारण ती ज्या त्या देशाच्या अभ्यासक्रमाची असायला हवीत. मी मोबाइलवर तिचे चित्र दाखवले. मालकांनी ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले, आतून मुलाला हाक मारली आणि भद्रकालीतल्या पेट्या बनवणाऱ्याकडे त्याला पिटाळले. दुसऱ्या दिवशी दुकानात दोन पेट्या तयार होत्या: जाड पत्रा, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, कुलपाची कडी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला फळ्याच्या रंगाचे दोन हात. तळाला चार लहान पाय लावून घेतले होते. ते का, असे विचारल्यावर उत्तर आले, “ओल आणि वाळवी. सुरगाण्यात नाही का लागत?” म्कुशीच्या भागात वाळवीची वारुळे माणसाच्या उंचीहून मोठी असतात, आणि त्याच वारुळांची चिकट माती विटा पाडायला वापरतात. ही माहिती त्यांना नसतानाही उपाय अचूक निघाला. साहित्य पोचल्यावर पेटी म्हणजे शाळेचे कपाटच. झाकण निखळले तर कोणताही पत्रेकाम करणारा ते बसवू शकतो.

मोजणीच्या साहित्यात मणीचौकटी चांगल्या आहेत, लाकूड नीट घासलेले आहे आणि तार घट्ट बसवलेली आहे. आमच्यातल्या एका बाईंनी हौसेने चिंचोक्यांच्या पिशव्या द्यायचे ठरवले होते. बियाणे म्हणजे वनस्पती तपासणीचे झंझट, हे एजंटाने सांगितल्यावर तो बेत सोडला. मक्याच्या दाण्यांच्या देशात चिंचोके पाठवण्याची तशी गरजही नव्हती.

आता दुकानाच्या उण्या बाजूकडे येतो. तक्ते आणि नकाशे हा या दुकानाचा कच्चा दुवा आहे. इंग्रजी मुळाक्षरांचे तक्ते चकचकीत आहेत, लॅमिनेशन जाड आहे, पण ते आपल्या शहरी बालवाड्यांसाठी काढलेले आहेत. झांबियाच्या 2013च्या अभ्यासक्रम आराखड्याने पहिली ते चौथीच्या वर्गांत स्थानिक भाषेतून शिकवण्यावर भर दिला. म्कुशीच्या बाजूला ती भाषा बेंबा. बेंबा रोमन लिपीत लिहितात. तिचे स्वर आपल्यासारखे सरळ उच्चारले जातात आणि ‘सी’ हे अक्षर ‘च’ म्हणून वाचले जाते. ज्या मुलाला पहिल्याच वर्षी ते अक्षर ‘च’ म्हणून शिकवले जाणार आहे, त्याच्या डोक्यावर ‘कॅट’चे चित्र टांगून आपण त्याच्या गुरुजींचेच काम वाढवतो. यावर दुकानाकडे उत्तर नव्हते, आणि असावे अशी अपेक्षाही नाही. पण मालकांचे चिरंजीव तोच तक्ता “आंतरराष्ट्रीय” म्हणून पुन्हा पुन्हा पुढे करत राहिले, ते खटकले. शेवटी आम्ही कोरी कार्डशीट, जाड टोकाचे मार्कर आणि दोरा घेतला. तिथले शिक्षक स्वतःच्या हाताने तक्ते काढतील, ते फाटले की पुन्हा काढतील.

नकाशांची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. आफ्रिकेचा राजकीय नकाशा मागितला, तेव्हा माळ्यावरून धूळ झटकत एक गुंडाळी खाली आली. उलगडून पाहतो तो सुदान अखंड! दक्षिण सुदान 2011 साली स्वतंत्र झाला, म्हणजे हा नकाशा त्याआधीचा. स्वाझीलँड तर होताच, ज्याचे नाव 2018 पासून एस्वातिनी झाले आहे. मी तो परत केला, तेव्हा “तेवढं चालतं हो, झांबिया तर बरोबर दाखवलाय ना,” असे उत्तर मिळाले. चालत नाही. आफ्रिकेतल्या मुलांना आफ्रिकेचाच शिळा नकाशा नाशिकहून पाठवणे ही शोभेची गोष्ट नव्हे. नवा नकाशा मागवून देतो असे म्हणाले, पण तो शेवटपर्यंत आला नाही. पृथ्वीगोल मात्र नव्या छपाईचा आणि ठीक निघाला, तोच घेतला.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा एक कोपरा अलीकडे दुकानात थाटला आहे, आणि चिरंजिवांचा सगळा ओढा तिकडेच आहे. मोठा टीव्ही, त्यात भरलेले धडे, ब्लूटूथ स्पीकर असा ‘डिजिटल वर्ग’ त्यांनी आम्हाला दोनदा दाखवला. आमच्या वस्तीत वीज नाही. शिवाय झांबियात या बाबतीत फार आधी एक साधा मार्ग चोखाळला गेला आहे. 2000 सालापासून तिथे शाळाबाह्य मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू झाले. वस्तीतला एखादा मार्गदर्शक रेडिओ लावतो, आवाज सांगेल तसे मुले बोलतात, गातात, हिशेब करतात, आणि पाठ संपल्यावर तो मार्गदर्शक पुढचा सराव घेतो. प्रशिक्षित शिक्षक मिळत नाही तिथे यावर कित्येक लोकशाळा उभ्या राहिल्या. तेव्हा आम्हाला हवा होता तो सौर पट्टीचा, हाताने चावी फिरवूनही चालणारा रेडिओ. तो या दुकानात नाही. त्यांनी मागवून दिलेला रेडिओ चार्जिंगच्या तारेसकट आला, पण तिच्या टोकाला आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग होता. झांबियात ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची सॉकेट असतात. आम्ही आधी लेखी दिलेले असूनही हे घडले. सौर कंदील मात्र त्यांच्याकडचे चांगले आहेत. त्यांची बॅटरी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडून बदलता येते, आणि मालकांनी ती काउंटरवर स्वतः उघडून दाखवली. सीलबंद कंदिलांपेक्षा हे थोडे महाग आहेत, तरी घ्यायचे असतील तर हेच घ्यावेत.

नोंदवह्या हा विषय बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटेल, पण ज्याने शाळा चालवली आहे त्याला तिचा जीव नोंदवह्यांत असतो हे माहीत आहे. देब्सच्या कार्यालयात नोंदणीसाठी जायचे तर मुलांची नावनिशी, हजेरी, समितीचे ठराव, जमाखर्च, सगळे कागदावर हवे. समितीने कितीही घाम गाळून विटा पाडल्या, वाळू-खडी वाहून आणली, तरी ठरावाच्या वहीशिवाय ते श्रम सरकारदरबारी दिसत नाहीत. दुकानातले छापील हजेरीपट आणि जनरल रजिस्टर आपल्या जिल्हा परिषदेच्या नमुन्यातले, मराठी मथळ्यांचे असल्यामुळे उपयोगाचे नव्हते. पण कोरी लाँगबुके, लाल कापडी पाठीची, दोऱ्याने शिवलेली, इतकी उत्कृष्ट आहेत की संपूर्ण दुकानातली माझी सर्वांत आवडती वस्तू तीच. डिंकाने चिकटवलेली वही कोरड्या हवेत तडकते आणि तिची पाने सुटतात. ही वही मी दोन्ही पुठ्ठे मागे वाकवून पाहिली, एक टाकाही हलला नाही. अशी डझनभर लाँगबुके घेतली आणि त्यांतल्या एकीवर रकाने कसे आखायचे ते मी स्वतः नमुन्यादाखल आखून पाठवले.

बाकांविषयी मालकांशी आमचा बराच वाद झाला. लोखंडी सांगाड्याचे घडीचे बाक ते सवलतीत द्यायला तयार होते. आमचे म्हणणे असे, की बाक पाठवण्याऐवजी सुताराची हत्यारे पाठवावीत: करवती, रंधे, पटाश्या, हातोड्या, गुण्या. लाकूड तिथे आहे, हात आहेत, आणि बाक मोडला तर तो जोडणारा माणूस वस्तीतच राहील. हा विचार काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. बोट्स्वानातील सेरोवे येथे पॅट्रिक व्हान रेन्सबर्ग या दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या माजी राजनैतिक अधिकाऱ्याने 1963 साली स्वानेंग हिल ही शाळा सुरू केली, तेव्हा तो देश अजून बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. तिथले विद्यार्थी शाळेच्या इमारती उभारण्याच्या कामात स्वतः राबले. ज्यांना प्राथमिक शाळेनंतर पुढे जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी 1965 पासून ‘ब्रिगेड’ निघाल्या. मुले गवंडीकाम शिकत, त्याच कामातून कमावत आणि त्याच कमाईवर शिक्षणाचा खर्च भागवत. व्हान रेन्सबर्ग यांना 1981 साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपल्याकडे 1919 साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ ही रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही.

याच संदर्भात नाशिककरांनी आपल्या गावची एक जुनी गोष्ट आठवावी. आज ज्या शरणपूर रस्त्यावर बँका आणि दवाखाने ओळीने उभे आहेत, त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला होता. लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे उद्योग त्यांना शिकवले जात. इथे शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात त्याच्यासोबत होता. 1 मे 1873 रोजी चितांबोच्या गावी, म्हणजे आजच्या झांबियाच्या त्याच मध्य प्रांतात, लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय जिथे पुरले तिथे प्रार्थना वाचणारा आणि झाडावर अक्षरे कोरणारा हा नाशिकचाच विद्यार्थी. शरणपुरातलेच जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1860च्या दशकात आजच्या केनियातील मोंबासाजवळच्या राबाई येथे गेले आणि त्यांनी तिथल्या मिशनमध्ये शिकवण्याचे काम केले. पुढे 1875च्या सुमारास मोंबासासमोर फ्रेअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिलेले आहे, आणि तिथेही नाशिकहून गेलेली माणसे होती. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तरीही पूर्व आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या शाळामास्तरांत शरणपूरचे विद्यार्थी होते, हे आपल्याच गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. मालकांना मी हे सांगितले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि बाकांचा आग्रह सोडून म्हणाले, “मग हत्यारं माझ्या ओळखीच्याकडून घ्या, दांडे बाभळीचे देईल.” त्या ओळखीच्या दुकानाची हत्यारे खरोखर चांगली निघाली.

हार्डवेअरच्या त्याच फेरीत आम्ही हातपंपाच्या वॉशरांचा एक संचही घेतला. झांबियाच्या खेड्यांत सर्वत्र दिसणारा हातपंप ‘इंडिया मार्क टू’ जातीचा आहे. 1970च्या दशकात आपल्या देशात तो घडला, आणि त्याच्या मुळाशी सोलापूर आणि जालना इथल्या पंपांचा अनुभव होता. शाळेजवळचा पंप बंद पडला की मुली पाण्यासाठी लांब जातात आणि हजेरीपटावर गैरहजेरी पडते, त्यामुळे वॉशर हे शैक्षणिक साहित्यच मानायला हरकत नाही.

आता सर्वांत मोठ्या तक्रारीचा भाग, म्हणजे बिल आणि बांधणी. पहिले बिल आले त्यावर “शैक्षणिक साहित्य, एक लॉट” एवढेच लिहिलेले होते. जिल्ह्यातल्या शाळेला ते चालत असेल. पण माल न्हावाशेव्याहून टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदराला आणि तिथून ताझारा, म्हणजे टांझानिया आणि झांबिया यांना जोडणाऱ्या रेल्वेने किंवा ट्रकने झांबियात जायचा असेल, तर प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या, वजन, किंमत आणि तिचा एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा ठरावीक आकडा, स्वतंत्र लिहिलेला हवा. देणगी आहे म्हणून जकात आपोआप माफ होत नाही. त्यासाठी तिथल्या समितीला आधी अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जाला हीच यादी जोडावी लागते. सुधारित बिलासाठी आम्हाला बरेच हेलपाटे घालावे लागले. दरवेळी “संगणकावरचा मुलगा जेवायला गेलाय” हे उत्तर ठरलेले. दुसरी चूक खोक्यांची. पेट्यांभोवती त्यांनी कच्च्या फळ्यांचे खोके ठोकून दिले. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर उष्णता प्रक्रिया करून तसा शिक्का मारलेला असावा लागतो, नाहीतर किडीच्या भीतीने बंदरावर माल अडतो. ते खोके आम्हाला उखडून टाकावे लागले आणि अंबडच्या एका कारखान्यातून शिक्क्याचे खोके स्वतंत्र खर्चाने घ्यावे लागले. दुकानाने त्याची भरपाई दिली नाही, निम्मी रक्कम पुढच्या खरेदीत वळती करतो असे सांगितले. निर्यातीचा अनुभव नाही हे त्यांनी आधीच सांगितले असते तर आमची तक्रार राहिली नसती.

माल पोचला आहे. पाट्यांपैकी मोजक्याच चेपल्या, खडूंचे एक खोके भिजले, बाकी सगळे धड आहे, असे भाच्याने कळवले. समितीने पेट्या मुख्य शिक्षकाच्या घरी न ठेवता शाळेच्या खोलीतच ठेवायचे ठरवले आणि दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या पालकांकडे दिल्या. दुकानाशी याचा संबंध नाही, पण माल घेणाऱ्याला हे ऐकून बरे वाटते.

पाट्या, खडू, लाँगबुके, मणीचौकटी, पत्र्याच्या पेट्या आणि उघडता येणारे सौर कंदील यांसाठी हे दुकान मी निःसंकोच सुचवीन. नकाशे, तक्ते आणि विजेच्या वस्तू इथून घेऊ नयेत, आणि मालक स्वतः काउंटरवर असतील तेव्हाच जावे. ते सहसा सकाळी असतात, दुपारनंतर चिरंजीव. वस्तुवार बिलाची अट पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावी आणि लाकडी खोके दुकानाकडून घेऊ नयेत. जून-जुलैत तिकडे फिरकूच नये. झांबियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि नोव्हेंबरपासून पावसाने कच्चे रस्ते बंद होऊ लागतात, तेव्हा मागणी फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्यावी. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या गावात जागोजागी रस्ते खोदलेले आहेत. टेम्पो दुकानापर्यंत येईल असे धरून चालू नये, हातगाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे.